कॉलेजात असताना रनिंग कसं सुरू करायचं आणि ते आवडायला कसं लागेल

हा लेख त्या मुलामुलींसाठी आहे जे गावाकडून किंवा दुसऱ्या शहरातून शिकायला आलेत, कॉट बेसिसवर नाहीतर हॉस्टेलवर राहतात, दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल आणि मग बेडवर लॅपटॉप, आणि दुसऱ्या सेममध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबपर्यंत जिने चढताना धाप लागायला लागलीये. जिमची फी परवडत नाही, क्रिकेटला अकरा जण जमत नाहीत, मग रनिंग सुरू करू म्हणतात आणि आठ दिवसांत बंद पडतं. मी पुण्यात शिकताना या सगळ्यातून गेलोय, आणि माझं ठाम मत असं की रनिंग बंद पडतं ते आळसामुळे नाही, ते बंद पडतं कारण पहिल्याच दिवशी आपण खूप जोरात पळतो. बाकी सगळं याच्या नंतर येतं.

उदाहरणं पुण्याची आहेत कारण मला तीच नीट माहितीयेत, पण पायऱ्या कुठल्याही शहरात याच.

१. पळणं म्हणजे शिक्षा, हे आधी डोक्यातून काढा

शाळेत आपण पळलो कधी ते आठवा. एक तर उशीर झाला म्हणून पी.टी.च्या सरांनी ग्राउंडला पाच चकरा मारायला लावल्या, नाहीतर गॅदरिंगच्या आधी १०० मीटरची शर्यत. म्हणजे एकतर शिक्षा नाहीतर शर्यत. सावकाश, आरामात, गप्पा मारत पळायचं असतं हे आपल्याला कोणी दाखवलेलंच नसतं. त्यामुळे मोठेपणी बूट घालून बाहेर पडलं की शरीर आपोआप शर्यतीच्या स्पीडला जातं, दोन मिनिटांत छाती भरून येते, बरगडीखाली टोचायला लागतं, आणि मन म्हणतं की हे आपलं काम नाही.

नियम एकच: पळताना सलग पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सोबत मित्र असेल तर काल मेसमध्ये काय भाजी होती आणि ती का खाल्ली नाही हे त्याला न थांबता सांगता आलं पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावं लागत असेल तर स्पीड जास्त आहे, कमी करा, आणि तरी जमत नसेल तर चाला. सुरुवातीला एका किलोमीटरला आठ-नऊ मिनिटं लागली तरी काही बिघडत नाही, शेजारून चालायला आलेले काका पुढे गेले तरी जाऊ द्या. हळू पळण्यानेच हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, दम टिकायला लागतो. जगातले लांब पल्ल्याचे मोठे धावपटूसुद्धा आठवड्यातलं बरंचसं पळणं त्यांच्या मानाने आरामातच करतात.

आणि शाळेत कधी मेडल नव्हतं, आता काय उशीर झाला, असं वाटत असेल तर अविनाश साबळेचं बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. बारावीनंतर सैन्यात भरती झाला आणि स्पर्धेच्या रनिंगकडे वळला तो तिथे गेल्यावर. २०२२ च्या कॉमनवेल्थला स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची ३००० मीटरची शर्यत) सिल्व्हर, हांगझोऊच्या एशियन गेम्सला गोल्ड, २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची फायनल. आपल्याला ऑलिंपिकला जायचं नाहीये, पण अठरा-एकोणीस हे सुरुवात करायला अजिबात उशिराचं वय नाही एवढं यावरून नक्की कळतं.

२. सामान काय लागतं

- रनिंगचे बूट. खर्च करायचाच असेल तर इथेच करा. कॅनव्हासचे, क्रिकेटचे किंवा फॅशनचे स्नीकर नकोत. साध्या रनिंग बुटांची जोडी दीड ते तीन हजारांत मिळते आणि सुरुवातीला त्याच्या वर जायची काहीच गरज नाही. दुकानात संध्याकाळी जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, ज्या मोज्यांवर पळणार तेच घालून जा, आणि बोटांच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. एक जोडी साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालते, नंतर वरून चांगली दिसली तरी आतला फोम बसलेला असतो. हे बूट कॉलेजला घालून जाऊ नका, निम्मे त्यातच संपतात.
- घाम लवकर वाळणारा टीशर्ट. कॉटन भिजलं की जड होतं आणि काखेत, मांड्यांत घासतं. घासतं तिथे पळायच्या आधी व्हॅसलिन लावा.
- मुलींसाठी चांगल्या सपोर्टची स्पोर्ट्स ब्रा. बुटांइतकीच महत्त्वाची, यात पैसे वाचवू नका.
- साधं घड्याळ किंवा फोन. स्मार्टवॉच नको, आत्ता तर नकोच.
- आयडी कार्डाचा फोटो, थोडे सुट्टे पैसे, आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून खिशात.

दमा असेल, हृदयाचा काही त्रास असेल, कधी पळताना चक्कर आली असेल किंवा छातीत दुखलं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे सोडू नका. मुलींनी जमलं तर एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते कमी असेल तर कितीही प्रॅक्टिस केली तरी दम लागतच राहतो आणि बिचाऱ्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे.

३. जागा आणि वेळ

पुण्यात याबाबतीत आपण खरंच नशीबवान आहोत, शहराच्या मधोमध टेकड्या आहेत. धनकवडी, सहकारनगर, कात्रजकडे राहत असाल तर तळजाई. फर्ग्युसन, गोखलेनगर, सेनापती बापट रोडकडे असाल तर हनुमान टेकडी. कोथरूड, लॉ कॉलेज रोड, पाषाणकडे असाल तर वेताळ टेकडी, शहरातली सगळ्यात उंच, वर गेल्यावर बऱ्यापैकी सपाट वाटा आहेत, खाणीपाशी पाणी, सकाळी मोर ओरडत असतात, आणि अर्ध्या तासापूर्वी आपण ट्रॅफिकमध्ये होतो हे खरं वाटत नाही. विद्यापीठाच्या आवारातले झाडीतले रस्ते, कॅम्पकडच्यांना रेसकोर्स, स्वारगेटकडच्यांना सणस ग्राउंड. मातीची वाट डांबरापेक्षा पायांना बरी आणि डांबर काँक्रीटपेक्षा. कोल्हापुरात रंकाळा, नाशकात गोल्फ क्लबचं ग्राउंड, मुंबईत शिवाजी पार्क नाहीतर मरीन ड्राइव्ह, प्रत्येक शहरात अशी एक जागा असतेच, सकाळी सहाला कुठल्याही चहावाल्याला विचारा, तो सांगेल.

सुरुवातीचे दोन महिने मात्र टेकडीच्या चढावर पळू नका. चढ चाला, वर सपाटीवर पळा, उतरताना पुन्हा चाला. उतारावर गुडघ्यांना दणके बसतात आणि मुरमावरून पाय घसरतो.

वेळ सकाळची चांगली हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण रात्री दोनला झोपून पाचला उठणं ही फसवणूक आहे, तीन दिवस जमेल. कॉलेज संपल्यावर साडेपाच-सहाला जमत असेल तर तेव्हा जा, काही वाईट नाही. फक्त मेन रोडच्या कडेने पळू नका. हिवाळ्यात तर सकाळीसुद्धा धूर खालीच अडकून राहतो. अंधार पडायच्या आत टेकडीवरून खाली या, एकटं असाल तर नक्कीच. टेकड्यांवर लूटमारीचे प्रकार झालेत. कुठे चाललोय ते रूममेटला सांगून निघा, गरज वाटली तर लाइव्ह लोकेशन द्या, आणि दोन्ही कानांत इअरफोन घालू नका.

कुत्र्यांचं पण सांगतो. अंगावर आली तर पळायचं नाही, थांबायचं, डोळ्यांत न बघता हळूहळू चालत पुढे जायचं. बहुतेक वेळा तेवढ्याने सोडतात. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा, उद्यावर टाकू नका.

४. पहिले आठ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. उदाहरणार्थ मंगळवार, गुरुवार, रविवार. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं भरभर चालणं, शेवटी पाच मिनिटं सावकाश चालणं.

- आठवडा १ आणि २: १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला, असं ८ वेळा
- आठवडा ३: २ मिनिटं पळा, २ चाला, ६ वेळा
- आठवडा ४: ३ पळा, २ चाला, ५ वेळा
- आठवडा ५: ५ पळा, २ चाला, ४ वेळा
- आठवडा ६: ८ पळा, २ चाला, ३ वेळा
- आठवडा ७: १२ पळा, २ चाला, २ वेळा
- आठवडा ८: २० मिनिटं सलग

पहिल्या आठवड्यात वाटेल हे फारच सोपं आहे. सोपंच आहे, तसंच ठेवा. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा. पिरियड्समध्ये अंग दुखत असेल तर चाला किंवा दिवस पुढे ढकला, बरं वाटत असेल तर पळायलाही हरकत नाही. ताप असेल तर अजिबात नाही, आणि डेंग्यू किंवा टायफॉइडमधून उठलात तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

इथे एक मोठा सापळा आहे जो चौथ्या-पाचव्या आठवड्याला येतो. दम लवकर सुधारतो, काही आठवड्यांत फरक कळतो, पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या घट्ट व्हायला महिने लागतात. म्हणजे छाती म्हणते अजून पळ आणि नडगी अजून तयारच झालेली नसते. याच टप्प्यावर पोरं एकदम दुप्पट पळतात आणि मग महिनाभर लंगडत बसतात. दम शिल्लक असला तरी वेळापत्रक संपलं की थांबा.

दुसरा सापळा ग्राउंडवर भेटतो. सकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली असतात, मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर वेळेत बसवायचं असतं, एकेका सेकंदासाठी मार्क असतात, त्यामुळे ते जीव तोडून पळतात. त्यांची मेहनत बघून आदर वाटतो आणि पाय आपोआप त्यांच्या मागे जायला लागतात. जाऊ देऊ नका, त्यांचं काम वेगळं आहे, तुमचं वेगळं. ट्रॅकवर असाल तर आतली लेन त्यांच्यासाठी मोकळी सोडा, तुम्ही बाहेरच्या लेनमधून पळा.

५. मजा कुठून येते

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण फिटनेसच्या नावाने सुरू केलेलं रनिंग फिटनेसच्या जोरावर टिकत नाही. वजन दोन आठवड्यांत कमी होत नाही, कधी कधी भूक वाढून उलट वाढतं, आणि मग कारणच संपतं. त्यामुळे पळण्यातच काहीतरी आवडायला लागलं पाहिजे.

मला जे आवडायला लागलं ते आधी रस्ते. बसमधून किंवा गाडीवरून शहर कळत नाही, पळताना कळतं, कुठल्या गल्लीत पहाटे बेकरीचा वास येतो, कुठे पारिजातकाचा सडा पडतो, कुठल्या देवळासमोर पाण्याचा नळ आहे. दर रविवारी नवीन वाट घ्यायची असं ठरवून बघा, पुढे काय दिसेल या उत्सुकतेनेच उठवलं जातं. मग पाऊस. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले की टेकडी आठवड्याभरात हिरवी होते, भुरभुर पावसात गरम होत नाही, दम कमी लागतो, आणि माझ्या मते मराठी माणसाने वर्षातून एकदा तरी पावसात टेकडीवर पळून बघितलंच पाहिजे. चिखलात पावलं छोटी टाका, विजा होत असतील तर वर जाऊ नका, आणि रूमवर आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात किंवा हीटरजवळ नको.

सोबत मिळते का ते शोधा. एकच जण पुरे, फक्त तुमच्याच स्पीडचा किंवा तुमच्यासाठी हळू पळायला तयार असलेला हवा. दोन वर्षं एका बेंचवर बसून जेवढं बोलणं होत नाही तेवढं अर्ध्या तासाच्या हळू रनिंगमध्ये होतं, कारण समोरासमोर बघायचं नसतं आणि फोन खिशात असतो. घरची टेन्शनं, बॅकलॉग, प्लेसमेंटची भीती, सगळं बाहेर पडतं. रविवारी पळून झाल्यावर पोहे आणि चहा ठरवूनच निघा. ज्या दिवशी एकटेच असाल त्या दिवशी गाण्यांशिवाय जाऊन बघा, पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी जातात, मग डोकं शांत होतं.

आठ आठवडे झाले की एक गोष्ट वाढवा. हळू पळून झाल्यावर शेवटी चार वेळा वीस-वीस सेकंद जोरात पळा, अगदी जीव तोडून नाही पण लहानपणी पतंगामागे पळायचो तसं मोकळं, आणि मध्ये पूर्ण दम परत येईपर्यंत चाला. पाय हलके वाटतात आणि दिवसभर तो आनंद टिकतो.

अ‍ॅपबद्दल: स्वतःची नोंद ठेवायला चांगलं, दुसऱ्यांचे आकडे बघायला वाईट. ज्याला शाळेपासून सवय आहे तो पाच मिनिटांत किलोमीटर मारतो आणि ते बघून तुमचं छान झालेलं रनिंग फिकं वाटायला लागतं. पहिले सहा महिने अकाउंट प्रायव्हेट ठेवा.

६. मेसच्या जेवणात कसं भागवायचं

पळायच्या आधी दोन तास पोटभर जेवण नको, बरगडीखाली टोचणारी कळ बरेचदा त्यामुळेच येते. आलीच तर हळू व्हा, श्वास लांब सोडा, जाते. सकाळी उठून अर्ध्या तासाच्या रनिंगला काही खायची गरज नाही, फार वाटलं तर एक केळं किंवा दोन खजूर. आल्यावर मात्र तासाभरात नीट खा, चहा-बिस्किटावर लेक्चरला पळू नका. मेसमध्ये वरण वाटीभर जास्त घ्या, उसळ असेल त्या दिवशी दोनदा घ्या, अंडी खात असाल तर दोन उकडलेली, नाहीतर दूध, दही, भिजवलेले हरभरे. रूमवर डब्यात शेंगदाणे आणि गूळ ठेवा, स्वस्त आणि मस्त. प्रोटीन पावडर लागत नाही. उन्हाळ्यात लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी किंवा ताक, एनर्जी ड्रिंकचे डबे नकोत. लघवीचा रंग गडद पिवळा दिसला तर पाणी कमी पडतंय.

७. दुखलं तर

मांड्या-पोटऱ्या दोन्ही पायांच्या सारख्याच भरून आल्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतंय, तर ते साधं आहे, दोन दिवसांत जातं. पण एकाच जागी, एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि पळताना वाढत असेल तर थांबा. नडगीच्या आतल्या बाजूला दुखणं सगळ्यात कॉमन, कारण बहुतेक वेळा अचानक वाढवलेलं अंतर किंवा झिजलेले बूट. आठवडाभर पळणं बंद, चालणं किंवा सायकल चालू, दुखणं गेल्यावर वेळापत्रकात दोन आठवडे मागून सुरू. दाबल्यावर हाडावर एका ठिकाणी कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर ऑर्थोपेडिककडे जा, हाडाला बारीक चीर असू शकते. पेनकिलर घेऊन पळणं तर कधीच नाही.

आठवड्यातून दोनदा रूममध्येच दहा मिनिटं बैठका, प्लँक (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून ठेवणं) आणि पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करा. या टाचांच्या व्यायामाने पोटऱ्या मजबूत होतात आणि पळताना त्यांच्यावर बराच भार येतो.

८. सबमिशन आणि परीक्षेत

इथे बहुतेकांचं तुटतं. रनिंग बंद करू नका, लहान करा. परीक्षेच्या काळात आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं, बास. रात्रभर जागून फाइल लिहिली असेल तर सकाळी झोपा, पळू नका. तीन आठवड्यांचा गॅप पडला तर जिथे सोडलं तिथून नाही, दोन आठवडे मागून सुरू करा. दिवाळीत घरी गेलात की गावच्या रस्त्यावर पळा, लोक विचारतील भरतीची तयारी चालू आहे का, हो म्हणा.

९. पहिली रेस आणि लागणारी कागदपत्रं

२० मिनिटं सलग जमल्यावर दोन-तीन महिन्यांनी ५ किलोमीटरची एक रेस करा. थेट हाफ मॅरेथॉनला नाव देऊ नका, २१ किलोमीटर म्हणजे पाचच्या चौपटीहून जास्त, आणि मित्रांनी दिलं म्हणून दिलेली पोरं पंधराव्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसलेली दिसतात. महाराष्ट्रात रेसचा सीझन साधारण पावसाळ्याच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन खूप सुंदर आहे पण यवतेश्वरचा घाट चढायचा असतो, ती वर्ष-दीड वर्षाने. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत.

नोंदणीला काय लागतं:
- फोटो असलेलं ओळखपत्र, जन्मतारखेसकट, आधार चालतं. हाफसाठी बहुतेक ठिकाणी १८ वर्षं पूर्ण हवीत
- रक्तगट आणि इमर्जन्सीसाठी एक नंबर, रूममेटचा नको, घरच्यांचा द्या
- बिब (टीशर्टला लावायचा तुमचा नंबर) घ्यायला जाताना नोंदणीचा मेल आणि तेच ओळखपत्र. दुसऱ्याला पाठवणार असाल तर आधी नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी पत्राशिवाय देत नाहीत
- पैसे भरण्याआधी परत मिळतात का ते बघा, बहुतेक मिळत नाहीत, म्हणून परीक्षेचं टाइमटेबल आल्यावरच भरा

कॉलेजच्या क्रॉसकंट्री (ट्रॅकवर नाही, मोकळ्या मैदानातून-मातीच्या वाटांवरून पळायची लांब शर्यत) टीममध्ये जायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्येच जिमखान्यात जाऊन स्पोर्ट्सच्या सरांना किंवा मॅडमना भेटा, नोटीस बोर्डावर लागेपर्यंत थांबलात तर ट्रायल होऊन गेलेली असते. बोनाफाइड, कॉलेजचं आयडी, दहावी-बारावीची मार्कशीट, पासपोर्ट साइज फोटो आणि मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट यांचा एक सेट झेरॉक्स करून फाइलला ठेवा.

रेसच्या दिवशी नवीन काही घालायचं नाही, बूट तर नाहीच. बिब आदल्या रात्रीच टीशर्टला चार पिनांनी लावून ठेवा, टायमिंगची चिप असेल तर वाकवू नका. सकाळी रस्ते बंद असतात, रिक्षा मिळत नाही, तासभर आधी निघा आणि टॉयलेटच्या रांगेचा वेळ धरा. बंदूक वाजली की सगळे ढोल-ताशाच्या आवाजात सुसाट सुटतात, तुम्ही कडेला राहा आणि पहिला किलोमीटर मुद्दाम रोजच्यापेक्षा हळू घ्या, त्यातले बरेच जण तुम्हाला तिसऱ्या किलोमीटरला चालताना भेटतील.